बरकतीचं बोट

मी गरम डोक्याचा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्या हातून काय झालं ते ऐकताना तुम्हाला नवल वाटायला नको. पोटात एक आणि ओठात एक हे आपल्याला जमत नाही. गडमुडशिंगीच्या चौगुल्यांच्या घरात सगळेच असे. माझा बाप बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजा लवकर उरकली म्हणून पंडिताशी भांडायचा. मी बांधकामाचा कॉन्ट्रॅक्टर झालो, त्यामुळं भांडायला रोज नवीन माणूस मिळायचा. इंजिनिअर, ट्रकवाला, वाळूवाला, घरमालक, सगळ्यांशी भांडलो. लालासाब गवंड्याशी मात्र अठ्ठावीस वर्षांत एकदाच भांडलो, आणि त्या एका भांडणाचं आजपर्यंत निस्तरतोय.

लालासाब म्हणजे मौलाली मिस्त्र्याचा थोरला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला लालाभाई म्हणायचो आणि तो मला दादा. अठ्ठावन्न साली माझ्याकडं कामाला आला. उंचीला बेताचा, बोलायला तिखट, आणि डोक्यावरची पांढरी टोपी दिवसभर सिमेंटात राहूनही पांढरीच. दगडाची गाडी आली की हा थापीच्या दांड्यानं एकेका दगडावर टकटक करत जायचा आणि कान लावायचा. खणखणीत आवाज आला तर, "ह्यो बोलतोय, घ्या." बद्द आवाज आला तर, "ह्यो मुका हाय, आत चिरलाय, परत न्या." गाडीवाला शिव्या द्यायचा. लालाभाई म्हणायचा, "पावणं, शिव्या मला द्या, पर दगूड परत न्या." पुढं तो दगड फोडून बघितला तर आत चीर असायचीच. एकदाही चुकला नाही.

आणि त्याची दुसरी खोड म्हणजे बरकतीचं बोट. ही त्याच्या बापापासूनची चाल. पाथरवटाला किंवा सुताराला माप सांगायचं तर मोजलं तेवढं कधीच सांगायचं नाही, वर एक बोट जास्त सांगायचं. पाच फूट भरलं तर "पाच फूट आन् बोट". त्यात अंधश्रद्धा होती तशी अक्कलही होती. जास्तीचा दगड घासून बसवता येतो, कमी घडवलेला वाढवता येत नाही. वर मौलाली मिस्त्री म्हणायचा म्हणे, नेमकं माप सांगितलं की त्या घराची वाढ खुंटते. आमच्या कामावर सगळ्यांना हे ठाऊक होतं. पुढं मी लोखंडी टेप आणल्या. तेव्हापासून लालाभाई टेपवर, जिथं माप संपतं तिथं, आपलं बोट आडवं ठेवायचा आणि बोटाच्या पलीकडचा आकडा वाचायचा. "आन् बोट" म्हणायचं सुटलं, पण बोट काही सुटलं नाही. कापणारे आपापलं समजून घ्यायचे.

लालाभाईला तीन पोरी आणि त्यांच्यावर एक पोरगा, महंमद. या पोराला त्यानं कामावर फिरकू दिलं नाही. सुट्टीत पोरगं डबा घेऊन आलं तरी, "डबा ठेव आन् घरला जा, चुन्याला हात लावायचा न्हाय," असा दम. मी विचारलं, "का हो लालाभाई, पोरगं काय लोण्याचं हाय व्हय?" तर म्हणाला, "दादा, एकदा का हाताला घट्टे पडलं की पेन धरवत न्हाय." पोरानं नाव काढलं. मुंबईला जाऊन पाच वर्षं आर्किटेक्टचं शिकला, पहिल्या वर्गात पास झाला. त्या दिवशी लालाभाईनं कामावरच्या चाळीस माणसांना पेढे वाटले, आणि माझ्या हातात पेढा देताना रडला. मदिनावैनी, त्याची बायको, बाजूला उभी राहून म्हणाली, "आता बास करा की, लोकं बघत्यात."

अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात बाप-लेक दोघं माझ्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात आले. महंमदच्या हातात दोन पत्रं होती. त्यानं पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी अर्ज टाकले होते, एक दिल्लीला, एक अहमदाबादला.

"काका, एक ठरलेलं आहे, एक ठरायचं आहे," तो म्हणाला.

दिल्लीच्या कॉलेजनं जागा दिली होती. दोन वर्षांचा कोर्स, वर विद्यावेतन. विषय नगररचनेचा. अट एकच, दहा जूनच्या आत मूळ दाखले त्यांच्याकडं पोचले पाहिजेत, नाही तर जागा दुसऱ्याला. अहमदाबादच्या कॉलेजनं नुसतं मुलाखतीला बोलावलं होतं, वीस जूनला. तिथला विषय इमारतीचा. जागा बारा, बोलावलेली पोरं चाळीस. त्यांच्या अटी दोन. येताना मूळ दाखले आणायचे, आणि आपल्या भागातली एक जुनी इमारत स्वतः मोजून तिचे नकाशे काढून आणायचे.

म्हणजे दाखले एकच आणि गावं दोन. दिल्लीला पाठवले तर अहमदाबादला दाखवायला काही नाही, आणि अहमदाबादसाठी ठेवले तर दिल्ली गेली. महंमदनं एका कागदावर मधोमध रेघ मारून एकीकडं दिल्लीचे फायदे लिहिले होते, दुसरीकडं अहमदाबादचे. दिल्लीची बाजू लांबलचक, अहमदाबादकडं दोनच ओळी.

मी कागद न वाचताच ओरडलो, "आरं लेका, इचार कसला कराय लागलाईस? हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागतंय का? आजच्या आज दाखले रजिस्टर कर दिल्लीला!"

लालाभाई खुर्चीत बसला नव्हता. उभ्यानंच म्हणाला, "दिल्लीत काय शिकिवत्यात रं?"

"शहर कसं वाढवायचं, अब्बा. रस्ते कुठनं न्यायचे, बाजार कुठं, शाळा कुठं."

"आन् ह्या दुसऱ्या गावात?"

"इमारत. भिंत, कमान, दगड, उजेड. जुनं बांधकाम नीट बघायला शिकवतात, म्हणून तर मोजून आणा म्हणतात."

"जुनी इमारत मोजून आणा म्हणत्यात?" लालाभाईनं दोनदा विचारलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, ऐकलंसा का? कालिजातली माणसं. दगूड मोजून आणा म्हणत्यात." त्याचं तोंड असं फुललं की मला पुढं काय होणार ते तिथंच कळलं. तोंडानं तो म्हणाला, "मी अडाणी माणूस. तुला पटंल ते कर." पण जाताना दारात थांबला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "रस्तं काय, कोणबी आखंल."

चार दिवसांनी महंमद एकटा आला. दिल्लीला नकाराचं पत्र टाकून आला होता. मी त्याला अर्धा तास फैलावर घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "काका, माझंही मन इमारतीतच आहे. फक्त भीती वाटत होती. आणि दुसरं सांगू? पाच वर्षं मी काय शिकतोय ते अब्बांना कधी कळलं नाही. हे एवढं एकच त्यांना कळलंय." मी टेबलाच्या खणातली पन्नास फुटी नवी टेप काढून त्याच्या हातात दिली.

इमारत लालाभाईनंच निवडली. गडमुडशिंगीच्या वाटेला एक जुनी दगडी धर्मशाळा होती, आत ओळीनं पाच कमानी, बाहेर सरळ भिंत. रविवारी आम्ही तिघं माझ्या जीपमधून गेलो. लालाभाई धुतलेले कपडे घालून आला होता, ईदला घालायचा तो सदरा. महंमद म्हणाला, "अब्बा, तुम्ही टोक धरा, मी वाचतो." लालाभाई म्हणाला, "तू लिव. टेप मी वाचतो. दगडाचं माप दगडाच्या माणसानं घ्यावं." आणि सुरू झाला. खांब, कमान, खांब, कमान. मोठ्यानं आकडा सांगायचा आणि मध्येच पोराला शिकवायचा, हा दगड कुठल्या खाणीचा, हा सांधा कसा बसवला, इथं मिस्त्री चुकला आणि पुढच्या थरात त्यानं ते कसं झाकलं. पोरगं भराभरा लिहीत होतं. बाप पोराला आपलं काम दाखवत होता, चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

मी चिंचेखाली बसून भडंग खात होतो. आता सांगायची लाज वाटते. मी तिथून स्पष्ट बघितलं, लालाभाईनं टेपवर बोट आडवं ठेवलं आणि पलीकडचा आकडा वाचला. एकदा नव्हे, प्रत्येक मापाला. वीस वर्षं जे रोज बघितलं ते त्या दिवशीही बघितलं आणि माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. महंमदला कामावर कधी येऊ दिलं नव्हतं, त्यामुळं त्याला बोटाची गोष्टच माहीत नव्हती. आणि लालाभाईला विचाराल तर ते बोट त्याला दिसतच नव्हतं. माप म्हणजे बोटासकट माप, एवढंच त्याचं गणित. मला ठाऊक होतं. तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि मी शेंगदाणे निवडून खात बसलो.

वीस तारखेच्या मुलाखतीला महंमद गेला. मदिनावैनीनं प्रवास सुखरूप व्हावा म्हणून त्याच्या दंडाला इमामजामीन बांधला. लालाभाई स्टेशनवर नकाशांची गुंडाळी शेवटपर्यंत आपल्या काखेत धरून उभा होता, गाडी हलल्यावर खिडकीतून दिली.

पाच दिवसांनी पोरगं परत आलं. म्हणालं, "जागा भरल्या."

झालं, संपलं. ना दिल्ली, ना अहमदाबाद. मी त्याला माझ्या ऑफिसात नकाशे काढायला बसवला. काम चोख करायचा, पण मान वर करायचा नाही. मदिनावैनी दोनदा माझ्या घरी येऊन बायकोपाशी रडून गेली, "रत्नाबाई, पोरगं ताटावरनं तसंच उठतंय." लालाभाईनं आधी त्या कॉलेजला शिव्या घातल्या. गवंड्याचं पोर म्हणून हाकललं म्हणायचा. माझ्या पोराचं नकाशे बघायची त्यांची लायकी न्हाय म्हणायचा.

श्रावणात एका दुपारी मी महंमदच्या टेबलाखालून फूटपट्टी काढायला वाकलो, तर मागं ती गुंडाळी. उघडली. सुंदर काम होतं हो. दगड न् दगड वेगळा दिसत होता. आणि धर्मशाळेच्या पाच कमानींवरनं लाल पेन्सिलीचे आकडे. कुणीतरी आतली सगळी मापं एकाखाली एक मांडून बेरीज केली होती आणि दुसऱ्या कागदावरच्या बाहेरच्या लांबीतून ती वजा केली होती. नकाशात दोन्ही टोकांची भिंत अडीच-अडीच फुटांची काढलेली, आणि वजाबाकीत ती प्रत्येकी सव्वादोन फुटांच्याही आत उरत होती. खाली इंग्रजीत एकच प्रश्न: भिंत कुठं गेली?

मला बेरीज करायची गरजच पडली नाही. आत सहा खांब आणि पाच कमानी, म्हणजे अकरा मापं, अकरा बोटं. बाहेर एकाच झटक्यात मोजलेली लांबी, तिथं एक बोट. फरक दहा बोटांचा.

महंमद मागं येऊन उभा राहिला होता. मी विचारलं, "त्यांनी काय म्हटलं?"

"तिघं होते. त्यातल्या म्हाताऱ्या सरांनी विचारलं, हे तू स्वतः मोजलंस का? मी हो म्हटलं. म्हणाले, सगळं? मी म्हटलं, सगळं. नकाशे पुन्हा बघितले आणि तिसऱ्यांदा विचारलं, एकेक माप तू घेतलंस? मी म्हटलं, हो." तो थांबला. "मग त्यांनी गुंडाळी बंद केली. त्यांना वाटलं, घरी बसून आकडे ठोकलेत."

"आरं, मग सांगायचं न्हाईस व्हय, की वडलांनी मापं सांगिटली म्हणून?"

"काय सांगू, काका? माझे वडील गवंडी आहेत, ते चुकले? ते तिघं एकमेकांकडं बघून हसले असते. हसले नसते तरी मला ते हसल्यासारखं वाटलं असतं. आणि कागदावर बाहेरचा आकडा मी ताडून बघायला पाहिजे होता. घाईत राहिलं. ती चूक माझीच की." मग त्यानं माझा हात धरला. "अब्बांना सांगायचं नाही. तुम्हाला तुमच्या पार्श्वनाथाची शपथ."

बोटाची गोष्ट मी त्याला तेव्हा सांगितली. ऐकून तो खाली बसला आणि ते लाल आकडे एकेक करून बघत गेला. शेवटी म्हणाला, "मग तर अजिबातच नाही सांगायचं."

मी शपथ पाळली. दिवाळीपर्यंत पाळली. माझ्यासारख्या माणसानं तीन महिने तोंड बंद ठेवलं, हे लिहून ठेवायला पाहिजे.

पण लालाभाईचा राग आता कॉलेजवरनं पोरावर घसरला होता. राजारामपुरीत एका डॉक्टराच्या बंगल्याचं काम चाललं होतं. महंमद नकाशा दाखवायला आला. जिन्याच्या एका पायरीवरनं काहीतरी झालं आणि लालाभाई वीस माणसांच्या देखत कडाडला, "तू मला शिकवाय लागलाईस व्हय? चाळीस पोरातनं बारा घेतली, त्या बारात तुझा नंबर लागला न्हाय! माझी पाच वरसं चुलीत घातलीस. दिल्ली दिल्ली करत दादा बोंबलत हुता, तीबी घालवलीस. माझ्याकडनं दगडाची मापं घिऊन गेलास, तीबी मातीत!"

महंमद खाली मान घालून उभा. नकाशाची घडी घातली आणि गेटातून निघून गेला.

आणि माझं डोकं फिरलं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर लगामच नाही. मी म्हटलं, "लालाभाई, बास! पोराला बोलू नगासा. त्यानं काय घालवलं न्हाय. तुमच्या बोटानं घालवलं!"

"कसलं बोट?"

"बरकतीचं! प्रत्येक मापाला बोट वाढवून सांगिटलंसा तुम्ही. आतलं बाहेरल्याला जुळंना झालं. त्यास्नी वाटलं, पोरगं खोटं हाय. आणि त्यानं तुमचं नाव न्हाय घेतलं. मीच मोजलं म्हणून सांगून आला, आणि चार महिनं तुमच्या शिव्या खातोय!"

बोललो आणि लगेच कळलं, काय करून बसलो ते. लालाभाई आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. मग थापी धुतली, पिशवीत घातली आणि भर दुपारी काम सोडून चालत घरी गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी हजर. रात्रभर झोपला नव्हता, डोळे लाल. म्हणाला, "पत्र लिवा. विंग्रजीत लिवा. मी सांगतो."

"कुणाला?"

"त्या अमदाबादच्या मास्तरांस्नी. म्हणावं, मी लालासाब मौलाली गवंडी. मापं मी सांगिटली. पोरानं निसती लिवली. आमच्या घराण्यात बोट वाढवून सांगायची चाल हाय, त्यापायी आकडं चुकलं. पोराचा काय गुन्हा न्हाय. धर्मशाळा हितंच हाय, कवाबी येऊन मोजा. पुढल्या साली त्याला परत बोलवा." जरा थांबून म्हणाला, "आन् लिवा की, मी माफी मागतो."

मी म्हटलं, "महंमदला विचारूया का?"

"न्हाय. त्यो नको म्हणंल. बोलावणं आलं की एकदम सांगू."

मला वाटलं, बरोबर आहे. खरं ते खरं, त्यात विचारायचं काय? माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. लालाभाईनं खाली देवनागरीत एकेक अक्षर कोरून सही केली, त्याला पाच मिनिटं लागली. पत्ता माझ्या ऑफिसचा टाकला आणि रजिस्टर केलं. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्यानंतर लालाभाई रोज काम सुटलं की ऑफिसवरनं जायचा. दारातूनच भुवई उडवायचा, आलं का? मी मान हलवायचो, नाही. महंमदला यातलं काही माहीत नव्हतं.

उत्तर आलं तिसऱ्या आठवड्यात. मी सिमेंटच्या परमिटसाठी कचेरीत गेलो होतो. ऑफिसचं टपाल महंमदच फोडायचा, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. मी पाचच्या सुमाराला परत आलो, तर तो टेबलापाशी उभा आणि हातात ते पत्र. त्यानं ते माझ्या हातात दिलं.

मी दोनदा वाचलं. पत्र चांगलं होतं, फार सभ्य होतं. म्हाताऱ्या सरांनीच लिहिलं होतं. मिस्त्रींचा खरेपणा बघून आम्हाला आदर वाटला. नकाशे उत्तम होते. मापं वडिलांनी सांगितली एवढं एक वाक्य मुलानं त्या दिवशी म्हटलं असतं, तर आम्ही त्याला पुन्हा मोजून आण म्हणून आनंदानं परत पाठवलं असतं. आकडा कुणाचाही चुकतो. पण आम्ही तीन वेळा विचारलं आणि त्यानं तीन वेळा सांगितलं की एकेक माप मी घेतलं. ते खरं नव्हतं, हे आता तुमच्याच पत्रावरून कळलं. सबब या उमेदवाराचा अर्ज पुढं कधीही विचारात घेता येणार नाही.

मी पत्र त्याच्या हातात परत दिलं. आमचं पत्र गेलं नव्हतं तोपर्यंत पोरावर नुसता संशय होता. आमच्या पत्रानं ते खोटारडं ठरलं, आणि दार कायमचं लागलं. मी म्हटलं, "महंमद, चुकलो रे मी. मला जोड्यानं मार."

"अब्बांना कुणी सांगितलं?"

"मीच."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आता हा मला शिव्या घालील, आणि घालाव्यात असं मनापासून वाटत होतं. तेवढ्यात जिन्यावर लालाभाईच्या चपला वाजल्या.

दारात येऊन त्यानं नेहमीसारखी भुवई उडवायला सुरुवात केली आणि महंमदच्या हातात परत गेलेला कागद बघितला. जागच्या जागी थांबला. टोपी काढून हातात घेतली. मी त्याला कधी कुणापुढं टोपी काढताना बघितलं नव्हतं.

"आलं?" तो म्हणाला.

"आलं, अब्बा."

"तुला कळलं तर मग. वाच. काय लिवलंय?"

मी खिडकीकडं तोंड केलं. महंमदनं पत्र दोन्ही हातांनी धरलं, इंग्रजी ओळींवरनं नजर फिरवली आणि एकेक वाक्य थांबत थांबत मराठीत सांगायला लागला.

"लिहिलंय, तुमचं पत्र मिळालं. तुमच्या खरेपणाचा आदर वाटला. नकाशे उत्तम होते."

"बरं."

"लिहिलंय, बोटाचा फरक आम्हाला दिसला होता. पण तेवढ्यासाठी कुणाला नाकारत नाही. जुन्या इमारतीत एवढं इकडं-तिकडं होतंच. जागाच बारा होत्या, त्या आधी भरल्या. पुढच्या वर्षीपासून तो विषय बंद होतोय, म्हणून परत बोलवता येत नाही."

लालाभाई एक पाऊल पुढं आला. "म्हंजे बोटापायी न्हवं?"

"नाही, अब्बा."

"खरं सांग. माझ्या बोटापायी न्हवं?"

"लिहिलंय की इथं." महंमदनं कागद त्याच्यापुढं धरला. लालाभाईनं त्या इंग्रजी अक्षरांवरनं बोट फिरवलं, खालच्या सहीपर्यंत. मग खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. महंमद त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. फिरवता फिरवता माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला नेमकं सांगता यायचं नाही, पण मी तोंड उघडलं असतं तर त्यानं मला जन्मात माफ केलं नसतं, एवढं कळलं.

रडं ओसरल्यावर लालाभाई माझ्याकडं वळला. आणि मग जे त्याच्या तोंडातनं निघालं! "दादा, लाज वाटाय पायजे तुमास्नी! वीस माणसांच्या देखत माझ्या बोटावर आळ घेतलासा. महिनाभर मी अन्न गोड करून खाल्लं न्हाय. स्वतःच्या पोराचा गळा कापला म्हणून रोज मरत हुतो मी. कशाच्या जोरावर बोललासा? कुठं लिवलं हुतं?"

लिहिलेलं महंमदच्या हातात होतं. मी म्हटलं, "चुकलं, लालाभाई. मला वाटलं तसं."

"वाटलं!" तो म्हणाला. "वाटलं म्हणून बोलायचं व्हय?"

घरी गेलो. रत्ना वाट बघत होती, दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं आमच्यात. मी ताट बाजूला सारलं. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, हे मला त्या संध्याकाळी समजलं.

महंमद पुढं कुठंच शिकायला गेला नाही. दुसऱ्या वर्षी मी दिल्लीचा फॉर्म मागवून त्याच्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "काका, रस्त्यांत माझं मन कधीच नव्हतं." फॉर्म तसाच राहिला. कोल्हापुरातच त्यानं आपलं ऑफिस काढलं. लोकांची घरं काढतो, दवाखाने काढतो, चांगलं काढतो. गिऱ्हाईक खूश असतं. पण ती धर्मशाळा त्यानं ज्या हातानं काढली होती, तसं मी पुन्हा काही बघितलं नाही, आणि नवीन पोरं कधी अहमदाबादचं विचारायला आली की तो विषय बदलतो.

लालाभाई त्यानंतर आठ वर्षं जगला. मजेत जगला. टेपवर बोट ठेवायचं त्यानं सोडलं नाही, उलट आता जास्त ताठ्यानं ठेवायचा. लग्नात, बारशात, कुठंही चार माणसं जमली की माझ्याकडं बघून हसायचा आणि सुरू करायचा, "ह्या दादानं एकदा माझ्या बोटावर केवढा आळ घेतला, सांगू का?" सगळी गोष्ट साग्रसंगीत सांगायचा, पत्रासकट. लोक हसायचे. महंमद असला तर तोही हसायचा. वर लालाभाई मला विचारायचा, "खरं का खोटं, दादा?" आणि मी, दादासो चौगुले, ज्यानं कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, दर वेळी म्हणायचो, "खरं, लालाभाई."

शहाऐंशीच्या पावसाळ्यात तो अंथरुणाला खिळला. मी भेटायला गेलो तेव्हा महंमद उशाशी बसून बापाला चमच्यानं पाणी पाजत होता. आवाज पार खोल गेला होता. मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "दादा, त्या बोटाचं तुमी मनात धरून बसलाईसा, मला ठावं हाय. तवापास्नं तुमी माझ्याशी एकदाबी भांडला न्हाईसा."

मी म्हटलं, "माझं चुकलंच हुतं."

"व्हय, चुकलं हुतं," लालाभाई म्हणाला. "पर जावा, मी माफ केलं."